वाढत्या अंगाचा पाय

दादा, पाड्यावरून आम्ही टेम्पोत सामान टाकलं तेव्हा आई दारातच बसून राहिली. भांडी, कोंबड्या आणि माझ्या पोरीचा, सुनीचा, आखूड झालेला नकली पाय. आई एवढंच म्हणाली, "पाय मिळाला हाय ना पोरीला? मंग घर कशाला सोडतेस?" तिच्यावर मी रागावले नाही. माझा राग दुसऱ्यांवर आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

भात झोडून झालं की आपण सगळे वीटभट्टीवर जातो, पोरांसकट. तिथेच मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली सुनीचा गुडघ्याखालचा पाय गेला. मालक म्हणाला, पोरं सांभाळायला काय होतं तुम्हाला. सांभाळत बसले असते तर त्याच्या विटा कोण थापणार होतं रे?

मग पालघरला फुकट नकली पाय वाटायचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, फोटो आणि पाय. माप घेताना सुनीचा बाप हात जोडून म्हणाला, "सायेब, जरा वाढत्या अंगाचा करा." पोरांचे कपडे आपण तसेच शिवतो ना, बाह्या दुमडून घालायला. मंडपातले सगळे हसले. पोर वाढली की पाय बदलावा लागतो, वाढ थांबेपर्यंत बदलतच राहावा लागतो, हे हसणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. वर्षभरात सुनी लंगडायला लागली, कातडी सोलली. त्याच लोकांकडे गेलो तर म्हणे, "एकदा दिलाय ना?" जसं काही पोरीने मुद्दाम उंची वाढवली.

म्हणून बोईसर. कुंभवलीत एक खोली, मला कंपनीत पॅकिंग, तिच्या बापाला हेल्परचं काम. इथल्या पाण्याला वास येतो, नळावर मी आता हिंदीत भांडतेसुद्धा. पण इथून मुंबईचा सरकारी दवाखाना गाठता येतो. तिथे पाय बदलून देतात, फक्त बोलावतील तेव्हा जावं लागतं. भट्टीवरून कोण सोडतं? भट्टीवर गेलेल्या सगळ्यांना माझा निरोप दे. पोराला पाय देऊन कोणी फोटोला उभं राहिलं, तर आधी विचारा, पुढचा कधी देणार.

तू फोनवर विचारतोस, घरी कधी येणार. परवा सुनीचा शाळेचा फ्रॉक आखूड झाला. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "कितनी लंबी हो गयी बच्ची." मी आधी सुनीला सरळ उभी करून दोन्ही पाय सारखे आहेत का ते बघितलं. पोर वाढली म्हणून आईने घाबरायचं, ही वेळ ज्यांनी आणली त्यांना मी माफ करणार नाही.

घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, जिथे माझी पोरगी बिनघोर वाढेल. ते पाड्यावर नव्हतं. इथेही नाही, पण इथे निदान भांडायला दवाखान्याचं दार तरी आहे.