खुनाची दोन पुस्तकं आणि वरची खोली

नांदेडला नवी नवरी होते, तेव्हा मी स्वतःला रहस्यकथांची मोठी जाणकार समजायची. खरं तर शेवटचं पान आधी वाचायचं आणि मग जावेला ऐकवायचं, "मला तर आधीच संशय आला होता." एवढीच हुशारी. वाचायची ते दोनच लेखक; त्यातला एक माझा देव. त्याच्या पहिल्याच पानावर प्रेत, वाक्यं तुटक, प्रकरण संपता संपता किंकाळी. दुसरा मेंगळट. त्याच्याकडं चाळीस पानं कुणी मरतच नाही. बाई कपाट आवरते, घडीच्या साड्यांत एक साडी तिची नसते. बस. पुढं तो त्या साडीचं नावही काढत नाही. "ह्याला लिहिता तरी येतं का?" मी विचारायची. कसली अक्कल होती!

आता नात लातूरला क्लासला आहे आणि तिला रांधून घालायला मी तिच्या भाड्याच्या खोलीत. ती गेली की दुपारी गल्ली गप्प. घराघरात क्लासची पोरं कोंबलेली, अन् आवाज एकाचा नाही. फक्त वरच्या खोलीतली औसा गावची पोरगी घोकत येरझारा घालायची. एकटीच राहायची ती.

"आजी, पुन्हा खुनाचं वाचायलीस?" नात म्हणायची.

"पहिल्याच्या किंकाळीवर आता मी मेथी निवडते गं. दुसरा लई वाईट. त्यानं न लिहिलेलं कानात बसतं."

एका दुपारी दुसऱ्याचंच पुस्तक हातात होतं. पान उलटताना कळलं, वर पावलं वाजत नाहीत. कालही वाजली नव्हती.

पहिल्याच्या कथेत आत्तापर्यंत दार फोडून झालं असतं. माझे गुडघे तसले नाहीत. उगाच एक वाटी हातात घेतली आणि जिना चढले. दारापाशी खानावळीचे दोन डबे, न उघडलेले. एकाला वास सुटलेला.

दार वाजवलं. तोंडाला आलं ते विचारलं.

"माय, विरजण हाय का गं?"

जिच्याकडं चूल नाही की दूध नाही, तिला विरजण मागणारी मीच!

"न्हाई, आजी."

आवाज इतक्या जवळून आला की मी दचकले. ती दारामागंच उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"बघ की जरा."

आत काहीच हललं नाही. "बघितलं. न्हाई."

"मग चिमूटभर साखर घाल. शेजारणीला रिकाम्या वाटीनं परत लावू नये, बाई."

मग कडी निघाली.

"आज कोणता वार?" तिनं विचारलं.

"बुधवार."

"पेपर सोमवारी होता. मी गेलेच न्हाई."

एवढ्या उकाड्यात तिचं डावं मनगट गार होतं. तसंच धरून तिला खाली आणलं, वरणभात वाढला.

"आईला सांगू नका."

"सांगणार. तू भात खा."

औशाहून तिची आई येईपर्यंत मी ते डावं मनगट सोडलं नाही. तिनंही ओढून घेतलं नाही.