समोरच्यांचा सत्तावीस इंची

डब्यांची झाकणं साठतात ना, तसे शेजारचे किस्से साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. एक दिवस कपाट उघडावं तर धडाधड अंगावर येतात, आणि कुठलं झाकण कुठल्या डब्याचं ते आपल्यालाच ठाऊक असतं.

हेंद्रेपाड्यात आमच्या बिल्डिंगीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि सुनंदावहिनींचं दार समोरासमोर. सतरा वर्षं झाली, दिवसा दोन्ही दारं उघडीच असतात. आमचे हे म्हणतात, "तुला टीव्ही कशाला लागतो गं?" खरंय म्हणा. पण मागच्या वर्षी समोरच्या घरात टीव्हीपेक्षा मोठं काहीतरी आलं, आणि तिथून माझी झोप गेली.

*

खोकं आलं तेव्हा मी उंबऱ्यातच लसूण सोलत बसले होते. दोन माणसांनी धरून वर आणलं. मी म्हटलं, "वहिनी, नवीन टीव्ही?"

त्यांची सून केतकी आतून म्हणाली, "नाही काकू, मॉनिटर. लॅपटॉपला लावायचा. सत्तावीस इंच."

आमचा टीव्ही चोवीस इंची. हॉलमधला, चार माणसांनी बघायचा. आणि ह्या पोरीला एकटीला सत्तावीस! घरात बसून ती कंपनीची ड्रॉइंग काढते, पाइपांची. आठ महिन्यांचं बाळ मांडीवर, पगार बँकेत.

लसूण तसाच ठेवून मी बघायला गेले. केतकीने वायर जोडली, चित्र आलं, आणि सगळी अक्षरं अशी पुसट, जणू ओल्या फडक्याने पुसलीत. माझ्या पोटात गार वाटलं, खोटं कशाला बोलू. मी हळहळून म्हटलं, "आमचा छोटा आहे गं, पण स्वच्छ दिसतो."

केतकीने दोन बटणं दाबली. म्हणाली, दोन्हीकडे एकच चित्र लावलं की मोठ्याला छोट्याच्या मापाचा कपडा घालावा लागतो, म्हणून पुसट. दोघांना वेगळं केलं की झालं.

वेगळं केल्यावर पडदा असा लखलखला की त्यात मला माझाच चेहरा दिसल्यासारखा झाला. तो काही बघण्यासारखा नव्हता.

*

आता मी हे का सांगते, ते आधी सांगून टाकते. माझी वैशाली आणि ही केतकी अंबरनाथला डिप्लोमाला एका वर्गात होत्या. वैशूला केतकीपेक्षा तीन टक्के जास्त. तीन! मार्कलिस्ट अजून माझ्या साडीच्या घडीत आहे. पण वैशूला मुरबाडला दिली, तिथे घरच्यांचं हार्डवेअरचं दुकान. ती तिथे नळाचे कॉक मोजून देते, आणि तिच्यापेक्षा तीन टक्के कमी असलेली पोरगी माझ्या दारासमोर सत्तावीस इंचावर पाइप काढते.

मी दिवसातून चाळीस वेळा स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येते. चाळीस वेळा तोच पडदा दिसतो.

*

एक दिवस केतकी बाळाला अंघोळ घालत होती आणि सुनंदावहिनींवर लॅपटॉप राखायची वेळ आली. पाच मिनिटांत त्या माझ्या दारात. "ताई, बाण हरवला."

दोघी जाऊन शोधायला लागलो. वहिनी मॉनिटरच्या मागे वाकून बघत होत्या. मी माउस डावीकडे सरकवला, बाण उजवीकडच्या लॅपटॉपवर उगवला. उजवीकडे सरकवला तर डावीकडच्या मॉनिटरवर. मग कळलं, मॉनिटर मांडलाय डाव्या हाताला आणि सेटिंगमध्ये बसवलाय उजव्या. केतकी आठवडाभर तसंच काम करत होती, डावीकडे जायचं तर उजवीकडे ढकलून.

मी विचारलं, "अगं, बोलली नाहीस?"

उत्तर वहिनींनी दिलं. "लग्न होऊन दोन वर्षं झाली ताई, आमच्या घरात तिला सवय झालीये."

*

वहिनींना त्या मॉनिटरच्या ठिपक्यांचा आकडासुद्धा पाठ. संध्याकाळी खाली कट्ट्यावर आम्ही बायका बसतो, तिथे कोणी न विचारता त्या म्हणाल्या, "आमचं पंचवीसशे साठ बाय चौदाशे चाळीस आहे."

तळमजल्याच्या पाटीलकाकी जागेवरच सरसावून बसल्या. त्यांच्या सासरची जमीन गेल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. "कुठे गं? बिल्डर कोण?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. घरी येऊन मात्र वैशूचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला आणि ह्यांना म्हटलं, "आपलं किती बाय किती आहे, बघा बरं."

*

आमचं निघालं तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट. मी म्हटलं, आपल्या टीव्हीला जोडा. मोठं दिसेल.

हे अंबरनाथ एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं मशीनवर होते. वायर जोडणं म्हणजे काय मोठी गोष्ट! जोडली. चित्र आलं, पण चारही बाजूंनी कापलेलं. खालची पट्टी गायब. वरच्या कोपऱ्यातली फुली, जी दाबली की उघडलेलं बंद होतं, ती टीव्हीच्या चौकटीत कुठेतरी अडकली. ह्यांनी एका विहिरीच्या पंपाची जाहिरात उघडली, ती दोन दिवस बंद होईना. आमच्या टीव्हीवर दोन दिवस पंप. जेवताना पण पंप.

तिसऱ्या दिवशी केतकी साखर मागायला आली. तिने लॅपटॉपला हातसुद्धा लावला नाही. टीव्हीचा रिमोट घेतला, चित्राच्या मेनूत गेली, स्क्रीन फिट केलं. चारही कडा जागेवर. साखर घेऊन गेली.

हे बघतच राहिले. "काय पोरगी आहे!"

मी म्हटलं, "आपल्या वैशूनेपण केलं असतं."

हे म्हणाले, "हो गं. इथे असती तर केलंच असतं."

त्यानंतर मी वाटीभर साखर जास्तीची भांड्यात ओतली, आणि ती कशासाठी ओतली ते मला चहा उकळल्यावर आठवेना.

*

मग दसरा आला. केतकीच्या कामाच्या मशीनची पूजा करायची, तर वहिनी मला बोलवायला आल्या. "मजल्यावर मोठ्या तुम्ही. तुमच्या हातून होऊ दे."

आमच्या घरी अक्षता हळदीच्या, पिवळ्या, सासूबाईंपासूनची पद्धत. समोर कुंकवाच्या, लाल. मी माझं ताट घेऊनच गेले. केतकीने सगळ्या वायरी काढून लॅपटॉप, मॉनिटर, माउस लख्ख पुसून ठेवलं होतं. पाट लहान, मॉनिटरनेच भरला. म्हणून लॅपटॉप मिटून कडेला पुस्तकासारखा उभा केला होता, भिंतीला टेकवून.

मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. मूठभर अक्षता घेतल्या आणि हात वर नेला, तर डोळ्यांसमोर वैशू आली, मुरबाडच्या काउंटरवर कॉक मोजणारी. अक्षता जरा जोरातच पडल्या. टपटप आवाज आला.

वहिनी म्हणाल्या, "भरभरून आशीर्वाद दिलात हो ताई."

*

त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी केतकीने फुलं काढली, वायरी जोडल्या, आणि पडदा बिघडला.

चित्र येई, पण सगळं जाडंभरडं. पाइप दंडाएवढे, आकडे एकमेकांवर बसलेले. सेटिंगमध्ये पंचवीसशे साठ दिसेचना, यादी हजार चोवीसपाशी संपे. वायर जरा हलली की पडदा काळा. केतकीने लॅपटॉप बंद करून चालू केला, पडद्याचा प्रोग्राम, ज्याला ती ड्रायव्हर म्हणते, तो काढून परत टाकला. वायर खराब असेल म्हणून आमच्या टीव्हीची मागितली. मी दिली, "सांभाळून हं" म्हणून दिली. तीच रड.

कंपनीचा माणूस फोनवर आला. तिकडे बसून त्याने इकडचा बाण फिरवला, तासभर. मग म्हणाला, "मॅडम, मला इथून सगळं क्लिअर दिसतंय."

सुनंदावहिनी मागून म्हणाल्या, "मग ड्रॉइंग तुम्हीच काढा की."

त्या दिवशी माझी एकेक भाकरी टम्म फुगली. आता मी काय करू? फुगली.

*

पण गुरुवारी दारातून वेगळंच ऐकू आलं. सोमवारपासून नवं मोठं काम सुरू होणार होतं. ह्या पडद्यावर ते जमत नसेल तर ऐरोलीच्या ऑफिसात येऊन बसा, असं साहेबांनी सांगितलं होतं. रोज ऐरोली म्हणजे सकाळी सातला घर सोडायचं आणि रात्री आठला यायचं. वहिनींचे गुडघे गेलेले, बाळाला उचलून घेता येत नाही. केतकीचा नवरा प्रशांत म्हणत होता, "मग राहू दे. सोड सध्या. बाळ मोठं झालं की बघू."

केतकी मॉनिटरची वायर गुंडाळायला लागली.

हे सांगायला मी वैशूला फोन लावला. जरा चवीनेच सांगितलं, हे कबूल करते. पलीकडे दुकानातला खणखणाट चालू होता.

मग वैशू म्हणाली, "आई, आमच्या वर्गात सहाजणी होतो. नोकरी करणारी आता ती एकटीच उरलीये. ती पण सोडणार?"

मी फोन ठेवला आणि सरळ समोर गेले. म्हटलं, "उठ. उद्या सकाळी कॅम्प चारला जायचं."

*

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हरेशभाई आहेत. पंधरा वर्षांपूर्वी ते माझा मिक्सर दुरुस्त करायचे, आता त्याच काउंटरवर लॅपटॉप उघडतात. बाळाला ह्यांच्याकडे सोपवलं आणि आम्ही तिघी रिक्षाने निघालो. लॅपटॉप माझ्या मांडीवर. एमआयडीसीजवळच्या खड्ड्यांतून मी तो असा धरला होता, जशी वैशूला पहिल्यांदा दवाखान्यातून आणताना धरली होती.

हरेशभाईंनी लॅपटॉपचा पडदा बघितला नाही, सेटिंग बघितलं नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि वायर लावायच्या भोकात बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिले.

"भाभी," ते म्हणाले, "ये मशीन को खाना कौन खिलाता है?"

बारीक चिमटा आत घातला, हळूच ओढला, आणि काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर एक तांदळाचा दाणा ठेवला. त्यांनी समजावलं, दाण्यामुळे पिन पूर्ण आत बसत नव्हती. चित्र जात होतं, पण पलीकडे कुठला मॉनिटर आहे ते लॅपटॉपला कळत नव्हतं, म्हणून बिचारा सगळ्यात छोटं माप पाठवत होता. दुकानातल्या मोठ्या स्क्रीनला जोडून दाखवलं. पंचवीसशे साठ. केतकीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुनंदावहिनी स्क्रीनकडे बघत नव्हत्या. कागदाकडे बघत होत्या.

दाणा पिवळा होता.

मी पर्सची चेन उघडली, बंद केली, परत उघडली. हरेशभाई पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणाले, "भाभी, एक दाने का क्या लूँ?" वहिनींनी तो दाणा उचलला, रुमालाच्या कोपऱ्यात बांधला, आणि एवढंच म्हणाल्या, "चला, बाळ उठलं असेल."

सोमवारी सकाळी समोरच्या पडद्यावर पाइप उमटले, केसासारखे बारीक.

*

लक्ष्मीपूजनापर्यंत आमचं दार मी अर्धंच उघडं ठेवत होते. उन्हाचं निमित्त सांगून.

पूजेच्या संध्याकाळी वहिनी आल्या. हातात काही नव्हतं, चेहऱ्यावरही काही नव्हतं. म्हणाल्या, "ताई, केतकीच्या मशीनची पूजा करायचीय. चला. आणि अक्षता तुमच्याच आणा."

मी म्हटलं, "अहो, तुमच्या लाल आहेत की."

"तुमच्याच आणा."

मी ताट घेऊन गेले. पाट तोच. मॉनिटर तसाच मधोमध, लॅपटॉप तसाच पुस्तकासारखा भिंतीला टेकून उभा. केतकी बाळाला कडेवर घेऊन बाजूला उभी, ओठ दाबून. मी वाकले, हळदकुंकू लावलं, आणि मग माझं लक्ष गेलं. लॅपटॉपच्या कडेची एकूण एक भोकं चिकटपट्टीने बंद केली होती. नीट, कात्रीने कापून, कडा दाबून.

मूठ भरून मी तशीच थांबले.

सुनंदावहिनी म्हणाल्या, "टाका ताई. आता मोकळ्या मनाने टाका."