गॅरेजच्या भिंतीचं अस्तर

गिलाव्याच्या कामात मास्तरांचा हात धरणारा आख्ख्या गल्लीत कुणी नव्हता. आणि त्यांच्या स्वतःच्या घरचं गॅरेज? त्याची खालची, कंबरेपर्यंतची काँक्रीटची भिंत घर बांधलं तेव्हापासून उघडीच. फळ्यांचे ठसे, खिळ्यांची भोकं, सगळं जसंच्या तसं. बायकोने विषय काढला की मास्तर म्हणायचे, "होईल गं, घरचंच तर काम आहे." घरचं होतं म्हणूनच राहिलं, दुसरं काय.

बायको शिवणकाम करायची. लोक तिला टेलरबाई म्हणत. मशीन वरच्या खोलीत होतं. गुडघ्यांनी दगा दिला आणि जिना नकोसा झाला. मशीन खाली आणायचं तर जागा एकच, गॅरेज. पण त्या काँक्रीटचा गारठा असा की दहा मिनिटांत बोटं बधिर, सुईत दोरा जाईना. दोन हिवाळे बाईंनी वाट पाहिली. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, मशीनला गिऱ्हाईक आलंय. शुक्रवारी न्यायला येणार."

आवाज चढवला असता तर मास्तरांनीही चढवला असता. त्या शांतपणे बोलल्या, तिथेच मास्तरांचं धाबं दणाणलं. मशीनशिवायची बायको त्यांना डोळ्यांपुढे आणताच येईना.

सोमवारी त्यांनी थर्माकोलचे जाड तक्ते आणले. भिंत तारेच्या ब्रशने घासली, भोकं बुजवली, आणि मग घाई नडली. सिमेंटमध्ये उभा जन्म गेलेला माणूस, थर्माकोलशी त्याची ओळख ती किती! घरात चपला चिकटवायच्या पिवळ्या सोल्यूशनचा डबा होता. तेच थापलं आणि वर गेले. सकाळी बघतात तर सोल्यूशनने थर्माकोल पाठीमागून पार खाऊन टाकलेला. निम्मे तक्ते जमिनीवर लोळत होते. मास्तर बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले.

बाई कठडा धरत खाली आल्या. "काय झालं?"

"अस्तर धरत नाहीये," मास्तर म्हणाले.

"अस्तर चिकटवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, अस्तर म्हणजे गिलाव्याचा पहिला थर. तो चिकटायलाच हवा."

"ते तुमचं अस्तर. हे माझ्यातलं दिसतंय, कोटाच्या आतलं. ते आधी टाचायचं असतं, मग टीप मारायची."

इतकी वर्षं एकच शब्द दोघांच्या तोंडी होता, आणि बायको तो कशाला म्हणते हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

नवे तक्ते आले, बरोबर रुंद टोपीचे प्लास्टिकचे खुंटे आले. बाई खुर्ची टाकून बसल्या आणि खडूने खुणा करत गेल्या. कडेपासून चार बोटं आत, एक मधोमध. मास्तर भोक पाडायचे, खुंटा ठोकायचे. मग वरून जाळी. जाळीची एक पट्टी दुसरीवर चार बोटं चढवून लावली, शिवणीला जादा कापड सोडतात तशी. बाई म्हणाल्या, "माया सोडता येते की तुम्हाला."

मास्तर या वयात लाजले.

बुधवारी जाळीवर सिमेंटच्या मसाल्याचा एक हात झाला, गुरुवारी दुसरा. शुक्रवारी गिऱ्हाईक दारात टेम्पो घेऊन हजर. तरुण मुलगी होती, नवीन दुकान टाकणारी. भिंत अजून ओलसर, रंगाचा पत्ता नाही. मुलीने मशीन कुठे आहे विचारलं. बाईंनी मास्तरांकडे बघितलं.

"मशीन द्यायचं नाहीये," मास्तर म्हणाले. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा. हिला बसायला जागा करून द्यायची होती, ती मी केली नाही. चूक माझी आहे."

मुलगी हिरमुसली, पण समजुतीने गेली. टेम्पो वळेपर्यंत दोघं दारातच उभे होते. बाईंचे डोळे भरून आले होते.

"गारठ्याचं काय हो," त्या म्हणाल्या. "मी घोंगडी पांघरूनही शिवलं असतं. तुम्ही एकदा म्हणायला हवं होतं, खाली ये म्हणून."