मंजिरीचे पांढरे मास्क

मंजिरी आमच्या बुढापारा मोहल्ल्यातली. ती एम.कॉम.ले होती, अन् मी दहावीतच शाळा सोडलेली. तरी तिनं मले कधी अडाणी म्हटलं नाही. तिले कोणी वाकडं बोललं त मी आजही भांडते.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये उरल्याच्या कारखाना-वस्तीतली मिल बंद पडली अन् तिचे बाबा, श्यामरावकाका, घरी बसले. "प्रायवेटचं काही खरं नाही," ते म्हणे, "सरकारी नोकरीचा फॉर्म भर."

"मले धंदा कराचा आहे, बाबा."

"मंग शेवटच्या तारखेपर्यंत करून दाखव. नाही त चूपचाप फॉर्म भर."

तिच्या आईनं, इंदूकाकूनं, आपल्या पांढऱ्या सुती साड्या काढून देल्ल्या. मायलेकी मास्क शिवत, मी नाड्या लावो. छतावर दोरीभर मास्क वाळून राहिले होते. शहर इतकं चूप, का जवळच्या तलावाचं पाणी हललेलं ऐकू ये. मंजिरी अर्धे डोळे मिटून म्हणे, "पायल, पाह्य, बगळे उतरले. आता घरोघरी उडून जातीन." मले खरंच पंख दिसले.

गोल बाजार सकाळी थोडाच वेळ उघडे. कपडेवाल्या भैय्यालालनं आमच्या थैल्याले हातही नाही लावला. "बिटिया, शादी का सीज़न है. सफ़ेद लगा के बाराती आएँगे, कि मातम वाले?"

आम्ही दोघी पाहतच राहिलो. आमच्या बौद्ध घरांत नवरी पांढऱ्या साडीत बसते, बुद्ध पौर्णिमेले सारे पांढऱ्यात. पांढरं कोणाले खुपते, हे डोक्यातच नाही आलं. मी भैय्यालालले सुनावणारच होती, तिनं हात दाबला.

"त्याचं काय चुकलं? आपण इचारलंच नाही."

घरी येऊन तिनं चुलीवर गंज ठेवून हळद उकळली, तुरटी टाकली अन् सारे मास्क त्यात बुडवले. पिवळ्या वाफेत तिचा चेहरा दिसे, जाये. दुसऱ्या दिवशी भैय्यालालनं थैलाच ठेवून घेतला. "हव, ये हुई न बात!"

फॉर्मची शेवटची तारीख आली. काका दारात बसले होते.

"बाबा, मी फॉर्म नाही भरत."

मी भांडाले तयारच. काकानं एक पिवळा मास्क उचलून उन्हात धरला.

"धुतल्यावर रंग जाते काय?"

"जाते."

"त गिऱ्हाईक दुसऱ्यांदा काहून येईन? ओळखीचा एक रंगारी आहे. चाल, इचारून पाहू."

रस्ता तापलेला होता. मंजिरी इतकी हरखली, का चप्पल न घालताच त्यायच्या मागं निघाली.