फळी म्हणजे जमीन नव्हे

मन कणखर व्हावे म्हणून मी तरुणपणी जे जे केले, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा त्रास माझ्या बायकोला झाला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझे कौतुक वाटायला नको. माझे कौतुक एकदा होऊन गेले आहे, हारतुऱ्यांसकट. ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही.

साठ सालाच्या आगेमागे मी वेंगुर्ल्याला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वडील तांडेल. त्यांचे सारे आयुष्य मचव्यावर गेले. तुफानात शीड फाटले तरी सुकाणूवरचा हात त्यांनी सोडला नव्हता, असे त्यांचे खलाशी सांगत. अशा माणसाच्या अंगावरून एका सकाळी वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडे झाले आणि बोलणे दोन-चार शब्दांवर आले. पडवीलगतच्या खोलीत त्यांची खाट टाकली. दर थोड्या वेळाने त्यांना कुशीवर वळवावे लागे, नाहीतर पाठ चिघळायची. पेज भरवली की अर्धी ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळायची. आणि उजवा हात उचलायला गेले की तो उचलायचा नाही. मग तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडायचा.

मला ते बघवत नसे. खोलीत पाऊल टाकले की पाच मिनिटांत पोटात ढवळायचे, आणि नेमकी शाळेतली तपासायची राहिलेली पाटी आठवायची. वळवणे, पुसणे, भरवणे हे सगळे माझी बायको करी. शेजारची काकी मदतीला येई. वडील डाव्या डोळ्याने दाराकडे बघत राहत. मी त्या दारावरून इतक्या वेळा गेलो असेन की उंबऱ्याला माझी सावलीही ओळखू येत असावी.

मी स्वतःचे निदान केले. माझे मन कमकुवत आहे. ते बळकट केले पाहिजे, म्हणजे मला वडिलांजवळ बसता येईल. वडील दहा पावलांवर होते, आणि मी त्यांच्याकडे जाण्यासाठी फार लांबचा रस्ता धरला.

सुरुवात समुद्रापासून केली. रोज पहाटे उजाडताच गळाभर पाण्यात तासभर उभे राहायचे. थंडीने दात वाजत, पण मी दूर क्षितिजाकडे बघत मनाला आज्ञा देत असे. किनाऱ्यावर जाळी साफ करणारे लोक पहिले दोन दिवस नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी एकाने हाक मारली, "मास्तर, पाण्यात काय हरवला तुमचा?"

मी उत्तर देण्याआधी दुसरा म्हणाला, "अक्कल. भरतीक गेली, सुकतीक गावतली." ओहोटीला सापडेल म्हणे.

जन्मभर कंबरभर पाण्यात उभे राहून पोट भरणारी ती माणसे. त्यांच्यापैकी कुणी त्याला मनोबल म्हटल्याचे मी ऐकले नव्हते. मला वाटले, अडाणी आहेत.

मग उपास केले. चार दिवस नुसते पाणी. मोठ्या अभिमानाने मी ताट सरकवले, तर बायको चूल सारवता सारवता म्हणाली, "तुमी जेवलास नाय म्हणान भांडी कमी होनत नाय." तेवढ्यात खोलीतून वडिलांचा आवाज आला. ती हात पुसत तिकडे गेली आणि मी अंगणात जाऊन एका पायावर उभा राहिलो.

त्याच सुमाराला घाटावरचा एक सायकलवाला आमच्या गावी आला. तीन दिवस तीन रात्री तो मैदानात गोल गोल फिरला. सायकलवरच जेवला, सायकलवरच दाढी केली, डोक्यावर घागर ओतून आंघोळही केली. सगळा गाव तोंडात बोट घालून बघत होता. त्याच्या डोळ्यांत मला मनोबल दिसले. ती झोप होती हे मला पुढे स्वतः सायकलवर बसल्यावर कळले. तो गेल्यावर आठवडाभरात मी जाहीर केले की घाटावरचा माणूस जे करतो ते आपल्या मातीतला मास्तरही करील. बहात्तर तास, पाय जमिनीला न लावता.

आमच्या हेडमास्तरांना भाषणाची निमित्ते लागत. त्यांनी लगेच समिती नेमली. समितीने दोन संध्याकाळी एकाच प्रश्नावर काढल्या, आणि तो प्रश्न अर्थातच देहधर्माचा होता. पाय जमिनीला लावायचा नाही, तर मास्तरांनी जायचे कुठे? अखेर गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या म्हाताऱ्या मानकऱ्यांना विचारले. त्यांनी कान खाजवला आणि निकाल दिला, "फळी म्हणजे जमीन न्हय. फळी म्हणजे झाड. झाडार पाय ठेवलो तर देव कित्याक रागावतलो?"

मैदानाच्या कडेला नारळीच्या झापांचा आडोसा उभा राहिला, आत खड्डा आणि खड्ड्यावर फणसाच्या दोन फळ्या आल्या. सायकल थेट फळीला टेकायची, मी फळीवर उतरायचे, फळीवरूनच पुन्हा चढायचे. नियम शाबूत राहिला.

निघायच्या संध्याकाळी मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज जा काय मनात आणलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

"तीन दिस पाय जमनीक लावचो नाय म्हणान सांगणा केलेला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ता पुरा करून घे, आणि मधी काय आडवा येयत ता बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. माझ्या डोक्यात होती शर्यत. गावाच्या दृष्टीने मात्र तो आता देवाला दिलेला शब्द झाला होता. आमच्याकडे एकदा गाऱ्हाणे घातले की माणूस सुटतो आणि गाव अडकतो, हे मास्तर असून माझ्या लक्षात आले नाही.

पहिला दिवस हौसेत गेला. दुसऱ्या दिवशी ढुंगणाला फोड आले, आणि मनोबल म्हणून मी ज्याचा जप करीत होतो ते सगळे त्या फोडांत जाऊन बसले. हेडमास्तर दर दोन तासांनी कर्ण्यातून मनोबलावर बोलत. स्वतः मात्र जेवणानंतर वामकुक्षीला घरी जात.

शेवटच्या दिवशी दुपारी शेजारची काकी पदर खोचून धावत मैदानात आली. मी फिरत होतो. मानकऱ्यांच्या समोरून गेलो की काकीचे आणि त्यांचे बोलणे कानावर पडे, पुढे गेलो की तुटे. एका फेरीला एक तुकडा, असे मी ते सगळे ऐकले.

"...खाटीवरसून खाली पडलो म्हातारो. आमका दोगींक उचलूक जमना नाय. मास्तराक उतरवा..."

दुसरी फेरी.

"...देवाक सांगलेला आसा गो बाये. पाच तास रवले. आता उतरलो तर देवाचो कोप गावार येयत..."

तिसरी फेरी.

"...बापूस तेचो की गावाचो?"

चौथ्या फेरीला मानकऱ्यांनी दोन धट्टेकट्टे गडी काकीबरोबर पाठवले होते आणि ते स्वतः माझ्या सायकलीबरोबर चार पावले धावत म्हणाले, "काय नाय रे मास्तर. तू चालव. सगळा बरा आसा."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. देवाचा शब्द मोडू नये म्हणून ते माझ्याशी खोटे बोलले. मी कुणासाठी खोटे बोललो? मला तर सगळे ऐकू आले होते. मी मान डोलावली, जणू पटले, आणि पायडल मारले. इतकेच नव्हे, तर कबूल करतो, मला हायसे वाटले. जगातल्या सगळ्या माणसांत त्या घटकेला त्या खोलीत न जाण्याचे देवमान्य कारण फक्त माझ्यापाशी होते.

पाच तासांनी बँड वाजला. मला उतरवले तेव्हा पाय उभे राहीनात. केळीच्या गाभ्यासारखे सुजून ते कुणा दुसऱ्याचेच झाले होते. हारांसकट चौघांनी उचलून घरी आणले. ठेवायला जागा कुठली? ओसरीवर माणसे दाटली होती. बायकोने शांतपणे खोलीकडे बोट दाखवले. वडिलांच्या खाटेशेजारी चटई घातली आणि मला तिच्यावर ठेवून लोक विजयाचा चहा प्यायला गेले.

वडिलांच्या कपाळावर टेंगूळ आले होते. डावा डोळा माझ्यावरून फिरला. हारावरून, सुजलेल्या पायांवरून. वाकड्या ओठांतून एकेक शब्द बाहेर आला.

"तुका... कोणी... मारल्यान रे?"

बायको हसली. आजारपण सुरू झाल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिले. मग तिने त्यांना डाव्या कुशीवर वळवले, मागाहून मला उजव्या. दोघेही एकमेकांसमोर तोंड करून पडलो. ती उशी सारखी करता करता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "फळी जमीन न्हय ना? मगे दोन फळयो म्होरे सारीत सारीत घराकडे येवक काय झाला होता?"

मैदान ते घर दोनशे पावले होती. फळ्या दोन होत्या. एक ठेवायची, दुसरी पुढे सारायची. देवाचा शब्दही राहिला असता. देहधर्मासाठी समितीने दोन संध्याकाळी डोके चालवले होते. बापासाठी मी एक फेरीभरही चालवले नव्हते.

मी चार दिवस त्या खोलीत होतो, कारण उठता येत नव्हते. पेज गळ्यावर ओघळताना बघितली. रडणे ऐकले. पोटात ढवळले, आणि पळता येत नाही म्हटल्यावर ढवळणे थोड्या वेळाने आपोआप थांबले. हा शोध मला समुद्रात लागला नव्हता, उपासात लागला नव्हता.

पाचव्या दिवशी शाळेत सत्कार होता. मी भिंत धरून उभा राहिलो तसा वडिलांचा आवाज आला.

"चललंस?"

"सत्कार आसा, बाबा."

त्यांनी डोळा मिटला. मी गेलो. होय, गेलो. मनोबलावर सव्वा तास बोललो आणि जर्मन सिल्व्हरचा एक पेला घेऊन घरी आलो. बायकोने पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवला. काठ पातळ होता, पुढे जरा दुमडलेला. वडिलांच्या वाकड्या ओठाला तो बरोबर लागला. त्यातून दिली तर पेज फारशी सांडत नसे. माझ्या बहात्तर तासांचा एवढाच उपयोग झाला, आणि तो शोधही तिचा.

वडील पुढच्या पावसापर्यंत होते. मी बसायला लागलो, पण माझ्यात बदल झाला असे कुणी समजू नये. त्या खोलीत आपणहून बसण्याचा माझा विक्रम पाऊण तासाचा आहे. मी उठलो की ते विचारीत, "चललंस?" आणि माझ्यापाशी दर वेळी काहीतरी काम असे.

एका दुपारी मी म्हटले, "नाय बाबा, बसलंय."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी डाव्या हाताने माझ्या सदऱ्याचे टोक मुठीत धरले, सुकाणू धरावे तसे, आणि मगच डोळा मिटला. मी थांबलो. घोरणे सुरू झाले. एकेक बोट अलगद सोडवून मी सदरा काढून घेतला आणि पाय न वाजवता दारापर्यंत आलो.

दारात बायको पेला घेऊन उभी होती. माझ्याकडे बघितलेही नाही. आत गेली, आणि त्या उघड्या पडलेल्या मुठीत तिने आपल्या पदराचे टोक ठेवले.