वीस गुणिले साठ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का मूळच्या चामराजपेटच्या. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं. मुलाने सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा त्या इकडे राहायला आल्या. एकदा खाली येऊन मला म्हणाल्या, "आमचं काचेचं कपाट थरथरतंय हो. रोज सकाळी. स्वल्प येऊन बघा की."

मी शाळेत भूगोल शिकवलेला असल्यामुळे कंपनांवर बोलण्याचा मला अधिकारच होता. मी म्हणाले, "वय झालं की असे भास होतात." अक्का माझ्याहून वर्षभराने लहान आहेत, हे मला नंतर कळलं.

आमच्या ह्यांना मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी तांत्रिक प्रश्न विचारला होता. सरकारी कंपनीत आयुष्यभर रडारवर काम केलेला माणूस. घरी मी त्यांना दूध आणण्यापलीकडे कसलीच जबाबदारी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर गेले आणि कपाटावर मोबाइल ठेवून बसले. त्यात कंपनं मोजणारं अ‍ॅप होतं. पावणेआठला काचा वाजू लागल्या. आकडा आला वीस हर्ट्झ.

सोसायटीच्या सेक्रेटरीने चौकशी न करताच दोष पाण्याच्या पंपावर टाकून ठेवला होता. ह्यांनी तळघरात जाऊन पंपावरची पट्टी वाचली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'पंप मिनिटाला दोन हजार आठशे ऐंशी फेरे घेतो. भागिले साठ म्हणजे अठ्ठेचाळीस हर्ट्झ. कपाट हलतं वीस हर्ट्झने. पंप निर्दोष.'

सेक्रेटरी संगणकातला माणूस. त्याने वीसलाही साठने भागलं आणि विचारलं, 'अंकल, मिनिटाला एक तृतीयांश फेरा? आपल्याकडे इतकं हळू काय फिरतं?'

सोसायटीच्या कामांकडे पाहता मला दोन-तीन उत्तरं सुचली होती. ह्यांनी मात्र सविस्तर उत्तर दिलं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. त्याचे मिनिटाचे फेरे हवे असतील तर साठने गुणायचं, फेऱ्यांवरून हर्ट्झकडे यायचं असेल तर भागायचं. एवढ्या मोठ्या सोसायटीतून त्यावर एक अंगठा आला. तो माझा होता.

"वीस गुणिले साठ, बाराशे," हे चौथ्या दिवशी सकाळी कागद पुढे घेऊन म्हणाले. "छताचा पंखा नाही, तो साडेतीनशेच्या आसपास. मिक्सर तर हजारोंच्या घरात. मिनिटाला बाराशे फेरे कोण घेत असेल?"

मी तेव्हा वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होते. डोळ्यांसमोर बटणांची पट्टी होती आणि तिच्यावर आकडा होता. ढगाळ हवेत कपडे वाळत नाहीत म्हणून ह्यांनीच महिन्यापूर्वी पिळण्याचा वेग आठशेवरून वर नेला होता.

"अहो, जरा इकडे येता का?"

ते आले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आकडा वाचला. मग मशीन हलवून पाहिलं. त्याचा एक पाय जमिनीला टेकतच नव्हता.

"पाय सैल आहे," ते म्हणाले.

"आयुष्यभर विमानं शोधलीत," मी म्हणाले. "आपलं मशीन चार दिवसांत सापडलं, हेही काही कमी नाही."

ते हसले नाहीत. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

आम्ही दोघं वर गेलो. ह्यांनी हर्ट्झपासून सुरुवात केली. अक्कांनी गुणाकारापर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचंच मशीन?"

"हो."

"सरी, ठीक आहे," त्या कानडी-मराठीत म्हणाल्या आणि कॉफी ठेवायला उठल्या. मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि भास वगैरे बोलल्याबद्दल माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली, आणि मग माझ्या गुडघ्यांची इतक्या आपुलकीने चौकशी केली की फिटंफाट झाली.

घरी आल्यावर हे बराच वेळ मोबाइल घेऊन बसले. 'कंपनाचा स्रोत आढळला असून दुरुस्ती झाली आहे' असं लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, 'दोष आमच्याच वॉशिंग मशीनचा होता. क्षमस्व.' त्यावर मात्र अंगठेच अंगठे आले.

दुपारी मेकॅनिक येऊन पाय घट्ट करून गेला. तरीही ह्यांनी वेग आठशेवरच आणून ठेवलाय. कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, पण शास्त्रापुढे माझ्या परकराची काय किंमत.