शहाळी घेऊन आलेला माणूस

नवऱ्याला ऑपरेशन करून वॉर्डात आणलं त्याला तासही झाला नव्हता, तेवढ्यात एक माणूस दोन शहाळी घेऊन आला. सातपूरच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून येणाऱ्या नवऱ्याच्या मोटरसायकलला टेम्पोने मागून धडक दिली होती आणि मांडीचं हाड मोडलं होतं. मला वाटलं, कंपनीतलाच कोणी असेल. त्याने यांचं नाव घेतलं, टेम्पोचा नंबरही सांगितला. तो नंबर तोवर मलाही माहीत नव्हता.

"वहिनी, तुम्ही पेशंटकडे बघा. क्लेमचं सगळं आमचे साहेब बघतील," असं म्हणत त्याने एका वकिलाचं कार्ड उशाशी ठेवलं.

मी कार्ड परत दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वकिलाचा माणूस आला. तिसऱ्याने तर मला औषधांच्या रांगेत गाठून विचारलं, "एफआयआरची कॉपी मिळाली का?" मी त्याच्यावर अशी ओरडले, की लोक त्याच्याऐवजी माझ्याकडेच बघायला लागले.

घरी आल्यावर महिन्याभराने ओळखीच्या एका वकीलबाईंकडे कागद दिले. त्यांनी कोर्टात चौकशी केली आणि मला फोन केला. "अहो, तुमच्या मिस्टरांचा दावा आधीच दाखल झालाय. वकीलपत्रावर त्यांची सही आहे."

यांना विचारलं, तर म्हणाले, "तू डबा आणायला गेली होतीस तेव्हा तो शहाळीवाला परत आला होता. कॅशलेसचा फॉर्म आहे म्हणाला. चार ठिकाणी सह्या केल्या."

"वाचलं नाहीत?"

"इंजेक्शनच्या गुंगीत काय वाचणार?"

वकीलबाईंनी सांगितलं, की वकिलाला जाहिरात करता येत नाही, स्वतः जाऊन किंवा दलाल पाठवून काम मागता येत नाही. तसा नियमच आहे. "मग हे राजरोस कसं चालतं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तक्रार कोण करतं?" आणि वर हेही, की वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची 'ना हरकत' लागते. म्हणजे ज्याने फसवलं, त्याच्याच दारात जायचं!

गेले. साहेब अगदी गोड बोलले. "मी कुणालाही पाठवलेलं नाही, मॅडम. तो समाजसेवा करतो, अपघातग्रस्तांना मदत करतो."

"मग त्याच्याकडे तुमची कार्डं कशी?"

"कार्ड काय, कुणाकडेही असू शकतं."

समाजसेवक बाहेरच्या खोलीत बसून फायलींना टाचण्या मारत होता. मला बघून त्याने यांच्या पायाची चौकशी केली!

चार वेळा गेले. कधी साहेब कोर्टात, कधी शिक्का सापडेना. चौथ्या खेपेला बाकावर शेजारी एक बाई होती, हरसूलकडची. तिचा नवरा डंपरखाली गेला होता. तिलाही याच शहाळीवाल्याने आणलं होतं. मला साक्षीदार सापडला या आनंदात मी तिला ओळखीच्या वकीलबाईंकडून कळलेला अख्खा नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, हा आमच्या पाड्यावर आला तवा कळलं, असा दावा असतो म्हणून. नायतर आमाला कोण सांगाया येणार व्हतं? तुमच्या वळखीची वकीलबाई हाय."

मला तिचा रागच आला. तिचं काही चुकत नव्हतं, म्हणून जास्तच आला. वकीलबाईंचा फोन नंबर एका कागदावर लिहून मी तिच्या हातात दिला. तिने तो घडी घालून पिशवीत ठेवला.

पाचव्या खेपेला मी वकिलांना सनद देणाऱ्या मुंबईच्या परिषदेच्या नावाने तक्रार लिहूनच नेली आणि टेबलावर ठेवली. साहेबांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. शिक्काही लगेच सापडला. दोन मिनिटांत 'ना हरकत' माझ्या हातात.

"आता हे पाठवायची गरज नाही ना?"

"पाठवून झालंय," मी म्हटलं. ते खोटं होतं. जिना उतरून थेट पोस्टात गेले आणि खरं केलं.

यांचं म्हणणं, "हवं ते मिळालं ना? आता कशाला ताप?" वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "त्याला रोज बघते हो, पण लेखी देणार नाही. मला इथंच नोकरी करायचीय." परिषदेकडून उत्तर आलं, की तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र जोडा, प्रतीही वाढवून पाठवा. प्रतिज्ञापत्र केलं, प्रती काढल्या, पुन्हा पाठवलं. त्यालाही आता बरेच महिने झाले.

यांचा दावा वकीलबाईंकडे नीट चाललाय. हरसूलच्या बाईचा त्यांना अजून फोन आलेला नाही. परवा वकीलबाई मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या तक्रारीची तारीख लागली, तर मुंबईला जावं लागेल. उलटतपासणीत तुमचीच अडचण करतील."

"करू देत," मी म्हटलं. स्वयंपाकघरात आले तेव्हा हे काठी टेकत चहा ठेवत होते. मुंबईचं सांगितल्यावर गॅस बारीक करून एवढंच म्हणाले, "मग मलाही यावं लागेल. सह्या माझ्या आहेत."